लिंकांचं हळदीकुंकू

मी अमेरिकेत नेमकं काय काम करत होते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी मला देवघरात पाऊल टाकू दिलं नसतं. पुण्यात कोणी विचारलं की "सून कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढं सांगून त्या विषय संपवायच्या, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. २००१ ते २००८ या काळात मी जर्सी सिटीतल्या एका छोट्या कंपनीत होते. लोकांच्या धंद्याच्या वेबसाइट सर्च इंजिनात वर आणून द्यायच्या, हे आमचं काम. याला एसईओ म्हणतात. आता त्याचे कोर्स निघालेत आणि सर्टिफिकेटं मिळतात. आम्ही करत होतो तेव्हा थोडं डोकं, थोडी चिकाटी आणि बराचसा कोडगेपणा एवढ्यावर भागत असे.

"अनुभव लिहा, पण तांत्रिक नको," असं संपादकांनी बजावलंय, म्हणून एकदाच समजावून सांगते. समजा, तुम्ही मुलीसाठी स्थळ बघताय. मुलाची आई सांगते की मुलगा सुपारीच्या खांडाला शिवत नाही. तुम्ही मान डोलावता आणि बाहेर पडल्यावर वाण्याकडे, शेजाऱ्यांकडे, मुलाच्या ऑफिसातल्या कोणाकडे चौकशी करता. सर्च इंजिन म्हणजे असाच संशयी वधूपिता. तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवर काय लिहिलंय ते तो वाचतो, पण खरा भरवसा ठेवतो तो इतर वेबसाइट तुमच्याकडे बोट दाखवतात का यावर. दुसऱ्याच्या पानावर क्लिक केलं की तुमच्या पानावर येता येतं, ती वाट म्हणजे लिंक. एक लिंक म्हणजे एका शेजाऱ्याची साक्ष. आम्ही साक्षीदार गोळा करायचो. खरे मिळाले तर उत्तम, नाहीतर तयार करायचो.

आमचा बॉस डेव्ह पूर्वी जुन्या गाड्या विकायचा. त्याचं म्हणणं, "गाडी आणि वेबसाइट सारखीच, मंजिरी. बाहेरून पुसून घे आणि इंजिनाबद्दल कमी बोल." एका डेंटिस्टच्या पानावर आम्ही पांढऱ्या रंगावर पांढऱ्याच अक्षरांत परिसरातल्या सगळ्या गावांची नावं लिहून ठेवली होती. माणसांना ती दिसायची नाहीत, सर्च इंजिनाला दिसायची. एक कुलूपवाला होता, त्याच्यासाठी आम्ही गावागणिक एक पान केलं. मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं. सत्यनारायणाच्या संकल्पात यजमानाचं नाव बदलतात तसं.

आणि एक घटस्फोटाचे वकील होते. त्यांना पहिलाच नंबर हवा होता. त्यांच्या वर एक दुसरा वकील ठाण मांडून बसलेला. हे रोज सकाळी फोन करायचे, "आजही दुसराच?" वर्षभरानं त्यांच्या बायकोनं त्यांच्याविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला. तिनं वकील शोधला तो सर्च करूनच, आणि अर्थातच पहिल्या नंबरचा घेतला. त्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. पुढे ते पुन्हा फोन करायला लागले, पण आवाजातली धार गेली होती.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, कारण ते लोक आपले नव्हते. कुमुदकाकूंचं प्रकरण तसं नव्हतं.

कुमुदकाकू मूळच्या नागपूरच्या. सत्तरच्या दशकात काकांबरोबर अमेरिकेत आल्या. जर्सी सिटीपासून तासाभराच्या अंतरावर त्यांचं दुमजली घर. काका गेले तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल टेक्ससमध्ये फ्रिस्कोला स्थिरावला होता. त्यानं तिथे मोठं घर घेतलेलं, आणि त्यात आईसाठी एक स्वतंत्र खोली. "आई, अटॅच्ड बाथ आहे," हे तो प्रत्येक फोनवर सांगायचा.

"तुरुंगातही अटॅच्डच असते बाप्पा," काकू म्हणायच्या.

काका गेले त्या हिवाळ्यात शेजारची म्हातारी फ्लोरिडाला जाताना आपली मांजर काकूंकडे ठेवून गेली. मग तिच्या मैत्रिणीनं ठेवली. मग मैत्रिणीच्या बहिणीनं. काकूंना मांजरांची आवड होती असं नाही, पण घरात कोणीतरी जेवायला मागतंय हे त्यांना बरं वाटायला लागलं. तळघरात कपाटं लावून, उबदार चादरी घालून त्यांनी मांजरांचं रीतसर बोर्डिंग सुरू केलं. गावच्या नगरपालिकेकडून परवाना आणला. शुद्ध शाकाहारी बाई, नाकाला पदर लावून ट्यूना माशाचे डबे उघडायच्या. घराचा टॅक्स आणि हीटिंगचं बिल आता मांजरीच भरतात, असं त्या अभिमानानं सांगत.

अमोलला हे अजिबात पटलं नव्हतं. दोघांची खूप भांडणं झाली आणि शेवटी एक तह झाला: २००४ च्या थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत, धंदा नीट उभा राहिला तर अमोल पुन्हा विषय काढणार नाही. नाही राहिला तर काकूंनी घर विकायचं आणि मुकाट्यानं फ्रिस्कोला जायचं. काकूंनी मला बोलावून सांगितलं, "मंजिरी, माझ्या मांजरींचं तेवढं वर आण. मला त्या खोलीत जाऊन बसायचं नाही." मी त्यांची वेबसाइट करून दिली. पहिल्या पानावर काकूंचा फोटो टाकला. मांडीवर एक लठ्ठ भुरी मांजर आणि काकू मनापासून हसताहेत, असा.

२००४ च्या जानेवारीत नंदाताईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नंदाताई म्हणजे आमच्याकडच्या घरांच्या एजंट आणि महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्या बायकांच्या स्वयंघोषित सेनापती. बाहेर गुडघाभर बर्फ, आत पैठण्या आणि त्यांखाली लोकरीचे मोजे. बेडवर कोटांचा ढीग. काकूही आल्या होत्या, पण स्वयंपाकघरात. काका गेल्यापासून त्यांना "काकू, गुळपोळ्या तुमच्याच हातच्या हव्यात" असं म्हणून बोलवायचं, आणि कुंकू लावायची वेळ आली की सगळ्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे बघायचं, अशी आमची पद्धत. डॉक्टरेट केलेल्या बायकाही फोटोंकडेच बघायच्या. मीही बघायचे.

खाताखाता मला कोणीतरी माझ्या कामाबद्दल विचारलं. मी स्थळाच्या चौकशीचं उदाहरण दिलं. नंदाताईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. हळदीकुंकवाला जमलेल्या जवळपास प्रत्येकीचा काही ना काही जोडधंदा होता. कोणी मेंदी काढायची, कोणी अंड्याशिवायचे केक करायची, कोणी भरतनाट्यम शिकवायची, कोणी टॅक्स भरून द्यायची. आणि नवरे आयटीतले असल्यामुळे प्रत्येकीला एक वेबसाइट आंदणात मिळालेली.

"यंदा प्लॅस्टिकचे डबे बंद," नंदाताई म्हणाल्या. "तेच डबे फिरून फिरून माझ्याकडे येतात. यंदा लिंकेचं वाण. प्रत्येकीनं प्रत्येकीला द्यायचं. कोणी कोणाला सोडायचं नाही."

सगळ्यांनी ही कल्पना उचलून धरली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंनी विचारलं, "माझ्या मांजरींचं बी लिहाल का?"

या वेळी भिंतीकडे कोणालाच बघता येईना. नंदाताईंनी पटकन सांगितलं, "लिहू की काकू. लिंकेला कुठे कुंकू लागतं." काकूंनी मान हलवली आणि पोळी उलटायला परत गेल्या. जाताना त्या हसत होत्या हे मी पाहिलं.

तेव्हा असं करण्यात कोणालाच काही गैर वाटत नव्हतं. आमचा निम्मा धंदा त्याच्यावरच चालायचा. आठवड्याभरात भरतनाट्यमच्या पानावर मांजरांच्या बोर्डिंगची शिफारस झळकली आणि मांजरांच्या पानावर अंड्याशिवायच्या केकची. आणि चाललं ना ते. उन्हाळा येईपर्यंत काकूंची वेबसाइट सर्चच्या पहिल्या पानावर होती. तळघर भरलं. मेंदीवालीला इटालियन लग्नाचं काम मिळालं. नंदाताई मला मिठी मारून म्हणाल्या की तुझं सर्च इंजिन हळदीकुंकवाला पावलं.

सप्टेंबरमधल्या एका सोमवारी मी ऑफिसात आले तर डेव्ह माझ्या खुर्चीत बसला होता. "त्यांनी पुन्हा काहीतरी बदललंय," तो म्हणाला. सर्च इंजिन आपले नियम अधूनमधून बदलायचं आणि कोणाला सांगायचं नाही. मी काकूंचं पान शोधलं. पहिल्यावर नाही, पाचव्यावर नाही, कुठेच नाही. मेंदी गायब, केक गायब, भरतनाट्यम गायब. वधूपित्याला कळलं होतं की ज्या शेजाऱ्यांनी एवढी स्तुती केली ते सगळे एकाच घरातले होते. त्यानं सगळ्यांनाच दारातून हाकललं.

मी काकूंकडे गेले. फोन आठवड्यापासून वाजला नव्हता. मी लॅपटॉप उघडून त्यांना हजेरी दाखवली. वेबसाइटवर कोण आलं, अंदाजे कुठल्या गावाहून आलं, किती वेळ थांबलं, याची नोंद आमच्याकडे आपोआप होत असे. पूर्वी तिथे आसपासच्या गावांची रांग लागलेली असायची. आता रोज सकाळी एकच पाहुणा यायचा. फ्रिस्को, टेक्सस. मिनिटभर पहिलं पान बघायचा आणि निघून जायचा.

"अमोल आहे तो," काकू म्हणाल्या. "बुडते की नाही ते बघून राहिला."

मी त्यांना उपाय सांगितला. लिंका काढायच्या. आपल्या पानावरच्या आपण काढायच्या आणि इतर जणींना त्यांच्या पानावरची काढायला सांगायचं. मग वाट बघायची. मला वाटलं होतं, त्या लगेच हो म्हणतील. त्यांनी मांडीवरच्या मांजरीला खाली ठेवलं.

"तुला ठाऊक आहे ना मंजिरी," त्या म्हणाल्या, "ते गेल्यापासून पहिल्यांदा मला कोणी वाणात धरलं. आता म्हणतेस, परत कर."

मला फार वाईट वाटलं आणि थोडी लाजही वाटली. इतक्या संक्रांतींत एकदाही त्या स्वयंपाकघरात का असतात असं मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, काकू, राहू दे, आपण दुसरं काहीतरी बघू. दुसरं काही नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "काढ बाई. पण आधी मी सगळ्यांना फोन करते. न सांगता नाव काढणं बरं नाही." आणि त्यांनी खरोखर एकेकीला फोन करून सांगितलं की तुझं नाव माझ्या पानावरून उतरवते आहे, राग मानू नको, माझंही तुझ्याकडून उतरव. बहुतेकींनी ऐकलं. केकवाली थोडी फुरंगटली. नंदाताईंनी मात्र साफ नकार दिला. "माझ्या पानावरून मी काकूंना काढणार नाही," त्या मला म्हणाल्या. "एकदा दिलेलं वाण मी परत घेत नसते. तुझं सर्च इंजिन गेलं खड्ड्यात." धंद्याच्या दृष्टीनं हा शुद्ध मूर्खपणा होता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

ऑक्टोबर आला तरी पान वर येईना. अमोलनं थँक्सगिव्हिंगचं विमानाचं तिकीट काढलं, येताना एक आणि जाताना दोन. काकूंनी काचसामान वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं.

आणि मग शेरिल नावाची बाई चिडली.

शेरिलचा बोका ड्यूक सप्टेंबरच्या सुरुवातीला, फोन येणं बंद व्हायच्या आधी, काकूंकडे राहून गेला होता. ही शेरिल मांजरांविषयी एक वेबसाइट चालवायची आणि अमेरिकेतल्या मांजरवाल्यांमध्ये तिच्या शब्दाला मोठं वजन होतं, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. तिनं आधी काकूंना फोन केला. काकूंकडून परत आल्यापासून ड्यूक कोरड्या खाण्याला तोंड लावत नाही, दुपारी चारच्या सुमारास शेगडीजवळ जाऊन बसतो आणि हाक मारली तर ढुंकून बघत नाही. काकू त्याला काय खायला घालत होत्या?

"लिटल दहीभात," काकू म्हणाल्या. "अँड फोर ओक्लॉक आय मेक टी, ही सिट विथ मी. यू सिट विथ हिम?"

शेरिलनं फोन आपटला आणि वेबसाइटवर भलामोठा लेख लिहिला. या भारतीय बाईकडे आपली मांजर चुकूनही ठेवू नका, ती त्यांना भात खाऊ घालते, परक्या भाषेत बोलते, दिवसभर मांडीवर घेऊन बसते आणि मग ती मांजरं आपली राहत नाहीत. सगळ्यांना नीट कळावं म्हणून तिनं लेखात काकूंच्या वेबसाइटची लिंकही दिली.

मी तो लेख काकूंना मराठीत वाचून दाखवला. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी विचारलं, "फोन नंबर बरोबर लिहिला आहे ना तिनं?"

आता धंद्यातलं एक गुपित सांगते. त्या काळच्या सर्च इंजिनाला साक्ष मोजता यायची, पण ती स्तुती आहे की शिवी ते कळायचं नाही. शेरिलच्या लेखावर खाली वाचकांची जुंपली. निम्मे म्हणाले, भयंकर आहे. निम्म्यांनी विचारलं, ही बाई राहते कुठे, माझ्या मांजरीला दिवसभर मांडीवर घेणारं कोणीतरी हवंच आहे. मांजरांच्या आणखी वेबसाइटनी तो वाद उचलला आणि प्रत्येकानं काकूंची लिंक दिली. आम्ही हळदीकुंकू लावून जमवलेल्या साऱ्या साक्षी फुकट गेल्या होत्या. इथे एका चिडलेल्या बाईनं काकूंना उचलून थेट पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. डेव्हनं ते पाहिलं आणि मला विचारलं की आपल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना कोणी शिव्या देईल का.

काकूंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तिनं मनापासून लिहिलं ना. आपल्या बायकांनी एकमेकींची दुकानं पाहिली तरी होती का?"

थँक्सगिव्हिंगला अमोल आला तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तळघर भरून मांजरी वरच्या मजल्यावर आल्या होत्या. त्याच्या लहानपणीच्या खोलीत एक पर्शियन मांजर उतरलेली, तिचं बुकिंग आधीचं होतं. त्याला सोफ्यावर झोपावं लागलं. त्याला मांजरांची ॲलर्जी होती, त्यामुळे तो वाद घालायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा. शेवटी त्यानं काकूंचं तिकीट कॅन्सल केलं. "ओके, आई. यू वन," तो म्हणाला. काकूंनी गुंडाळलेलं काचसामान त्याच्याकडूनच पुन्हा कपाटात लावून घेतलं.

काकूंना मांजरी सोडून निघता येईना, म्हणून त्याला विमानतळावर सोडायला मी गेले. गाडीत मी चेष्टेनं म्हटलं की रोज सकाळी आमच्या वेबसाइटवर पाळत ठेवायचं काम आता संपलं तुझं. तो दचकला.

"तुम्हाला दिसतं ते?"

"दिसतं. काकूंना वाटायचं, बुडते का ते बघतोस."

तो म्हणाला, "नाही, यार. फोनवर ती माझ्याशी फक्त भांडते. बाबा गेल्यापासून तेच. त्या पेजवर शी इज स्मायलिंग. ऑफिसला पोचलो की आधी ते बघतो, मग काम सुरू करतो."

परत येताना मी काकूंकडे थांबले आणि हे त्यांना सांगितलं. त्या ट्यूनाचा डबा उघडत होत्या, तो अर्धवट ठेवून बेसिनशी जाऊन उभ्या राहिल्या. पुढच्या रविवारी मात्र फोन करून मला कॅमेरा घेऊन बोलावलं. गेले तर चांगली साडी नेसून, केस नीट विंचरून तयार. मांडीवर तीच भुरी.

"फोटो बदल," म्हणाल्या. "तोच तो किती दिवस बघेल."

त्यानंतर मी नोकरी सोडेपर्यंत आम्ही दर ऋतूला फोटो बदलला. बर्फात, अंगणात, दिवाळीत आकाशकंदिलाखाली. एकदा संक्रांतीनंतर नंदाताईंच्या घरातला, बाहेरच्या खोलीतला, कपाळावर कुंकू असलेला. महिन्याच्या हजेरीत, नुसतं बघून जाणारे पाहुणे आम्ही गाळून टाकायचो, डेव्हनं तसंच शिकवलं होतं. फ्रिस्कोची ओळ मी कधी गाळली नाही. डेव्हनं एकदा विचारलं, सारखे सारखे फोटो कशाला बदलतेस, रँकिंगला त्याचा काय उपयोग?

मी म्हटलं, काही नाही.